हरभऱ्याचा हिरवा

"आकाशाचा रंग कोणता?"

नगरजवळच्या केडगावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. डिपॉझिट, लाईटबिल, पाहुणेरावळे, काही नाही. माझ्यासोबत वडील होते. हातात ज्वारीची पिशवी, अंगात लग्नाकार्याला घालायचा सदरा. आमच्या घरातलं कुणी कॉलेजला चाललं होतं ते पहिल्यांदाच, त्यामुळे त्या दिवशी वडील भेटेल त्याच्यापुढे हात जोडत होते. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. पोरगी इथंच नापास होते की काय!

मी म्हणाले, "कोणत्या महिन्यातलं?"

"म्हणजे?"

"आमच्या शेवगावकडं मे महिन्यात आकाश पांढरं असतं. वर बघवत नाही."

ते एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी घासत उभे राहिले. मग आत तोंड करून ओरडले, "अहो, वरची खोली झाडून घ्या! पोरगी बघणारी आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "बघणारी आहे का भाडं देणारी, ते विचारलंत का?"

अशी मला खोली मिळाली. पदवी मिळेपर्यंत मी तिथंच राहिले. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगतेच, कुणाला आवडो न आवडो. पण त्या पदवीत केडगावच्या त्या ओट्याचाही वाटा आहे, हे आजवर कुठं सांगितलं नव्हतं.

पुणे रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. पुढच्या बाजूला दुकान, मागं ते आणि काकू, वर आम्हा मुलींच्या खोल्या. दुकानावर पाटी होती, 'फोटोवरून तैलचित्र काढून मिळेल'. आम्ही मुली त्यांना काका म्हणायचो. शेजारच्या गाळ्यात फ्रेम करून देणारे चाचा होते, ते त्यांना पेंटर म्हणायचे. दोघांचा धंदा एकमेकांवर चालायचा आणि भांडणही रोजचं.

काकांचा धंदा सगळा मयतांचा. माणूस गेला की घरचे त्याचा असेल तो फोटो घेऊन यायचे. रेशनकार्डावरचा, नाहीतर कुणाच्यातरी लग्नाच्या ग्रुपमध्ये मागून डोकावणारा. दहाव्याच्या आत मोठी तसबीर पाहिजे. वर सूचना असायच्या. आमच्या म्हाताऱ्याला फेटा घाला. आमच्या आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ दाखवा.

काका म्हणायचे, "जन्मभर जिनं काळ्या मण्यांशिवाय काही घातलं नाही, तिला मी मेल्यावर सोन्यानं मढवतो. नगरात माझ्याइतकं सोनं कुठल्या सराफानं घातलं नसेल बायकांना."

हात असा की, नखाएवढ्या फोटोवरून काढलेला बाप बघून मोठाली माणसं दुकानात हुंदके द्यायची. आणि याच कामाचा त्यांना मनस्वी तिटकारा. तरुणपणी ते मुंबईला कला शिकायला गेले होते. शिक्षण पुरं व्हायच्या आत वडील अंथरुणाला खिळले, म्हणून परत येऊन वडिलांच्या या दुकानात बसले ते बसलेच. मुंबईहून येताना काय आणलं तर डोक्यात भरलेली एक गोष्ट. चित्रकला नवी कशी झाली, त्याची गोष्ट.

ही गोष्ट ते रोज संध्याकाळी ओट्यावर सांगायचे. पुढ्यात शेंगा, ऐकायला आम्ही दोघी-तिघी आणि गाळा उघडा टाकून आलेले चाचा. त्यात एकाही चित्रकाराचं नाव नसायचं. "नाव सांगितलं की तुम्ही नाव पाठ करता आणि चित्र बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या गोष्टीत होता गंजीवाला, जो कडब्याच्या गंजीसारखी एकच गंजी सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढत बसायचा. होता सफरचंदवाला. होता चौकोनवाला. ऐकणाऱ्याला वाटावं, ही सगळी मंडळी रेल्वे स्टेशनच्या पलीकडं राहतात.

"तिकडं युरोपात चित्रकाराचं पोट चेहऱ्यावर चालायचं," काका शेंग फोडत म्हणायचे. "राजाचा चेहरा, सावकाराचा चेहरा, सावकाराच्या बायकोचा चेहरा. मग आला कॅमेरा. पोटावर पाय! आता काय करायचं? जे कॅमेऱ्याला जमत नाही ते. त्याच सुमाराला रंग ट्यूबमध्ये मिळायला लागला. घोटत बसायला नको. निघाले सगळे पेटी घेऊन रानात. बघतात तर काय, सावली काळी नाहीच! सावली निळी, जांभळी. तिथून सगळं सुटत गेलं. आधी रंग सुटला, मग आकार सुटला. चौकोनवाल्यानं तर एकाच तोंडाची समोरची बाजू आणि कडेची बाजू एकदम दाखवली."

"म्हणजे रोडवरच्या गतिरोधकावर आपटला असंल," चाचा म्हणायचे.

"तुम्ही फ्रेमा ठोका."

"ठोकतोच की. पर पेंटर, माणसाला निळा रंग द्यायचा, जांभळा द्यायचा, हे कुणाला पटंल का?"

यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं. "पोळ्याला बैलाची शिंगं निळी करता की नाही? अंगावर लाल ठिपके देता की नाही? बैल काय निळ्या शिंगाचा असतो? त्या दिवशी तुमचा त्याच्यावर जीव आलेला असतो, म्हणून करता. तेवढंच केलं त्या लोकांनी. बाकी काही नाही."

आजही मला यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही.

या शिकवणीचा फटकाही बसला. दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या पेपरात युरोपातल्या आधुनिक कलेवर टीप आली. मला सगळं येत होतं. कॅमेरा, ट्यूब, जांभळी सावली, सगळं क्रमानं लिहिलं. नाव मात्र एकही येत नव्हतं. पुरवणी संपत आली तेव्हा नाइलाजानं 'सफरचंदे काढणारा चित्रकार' असं लिहून आले. मार्क काय मिळाले ते सांगत नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तपासणाऱ्याला कळलं असेल ना कोण ते? मग झालं."

घरात त्यांचं वागणं याच चालीवर. गच्चीवरची पाण्याची टाकी त्यांनी पश्चिमेच्या बाजूनं जांभळी रंगवली होती, कारण संध्याकाळी ती तशीच दिसते. घरातलं कॅलेंडर कायम उलटं टांगलेलं. त्यावरचा देखावा उलटा केला की झाड झाड राहत नाही, नुसता रंग राहतो, तो त्यांना बघायचा असायचा. काकू म्हणायच्या, "चतुर्थी कधी आहे ते बघायला मला शीर्षासन करावं लागतं. संकष्टीच्या दिवशी जेवून बसले परवा."

मी शेवटच्या वर्षाला असताना नगरात फ्लेक्स जोरात सुरू झाले. रस्त्यापलीकडंच एका पोरानं कॉम्प्युटर टाकला. मयताचा चेहरा कापायचा, खाली कोट-टायवालं तयार धड चिकटवायचं, मागं ढग, कबुतरं. चहा पिऊन होईपर्यंत फ्लेक्स हातात. काकांच्या दुकानात येणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडं जायला लागली. एक महिना असा गेला की एक तसबीर आली नाही. आम्हाला वाटलं, काका खचणार.

काकांनी पेढे आणले.

चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "काय पेंटर, या वयात पोरगा झाला का काय?"

"मयत झालं," काका म्हणाले. "माझ्यातला चेहरेवाला मेला. तिकडं कॅमेऱ्यानं केलं, ते इकडं माझ्या दुकानात आत्ता झालं. अहो, उशिरा का होईना, आपण त्या वळणावर आलो! आता सुरू."

आणि खरंच सुरू केलं. मांजरपाटाच्या जाड कापडाला सरस लावून, ताणून, त्यावर रंग. केडगावचं रेल्वे फाटक, पण फाटक कुठं दिसायचं नाही, नुसता थांबलेल्या गर्दीचा तांबडा दाब. काकूंची भाकरी थापण्याची लय, तीही पट्ट्यापट्ट्यांत. दुकानात मांडून ठेवलेली ती चित्रं बघायला लोक आत यायचे आणि झेरॉक्स कुठं मिळेल ते विचारून जायचे. चाचांनी प्रत्येक चित्राला वर एक, खाली एक असे दोन हूक मारून दिले. "कुठली बाजू वर, तुझं तू बघ."

काकांना त्याचं काही नव्हतं. मला एकदाच म्हणाले, "एक चित्र. या जिल्ह्यातल्या एका माणसानं माझं एक चित्र स्वतःहून घरात लावलं पाहिजे. लाजेकाजेस्तव नाही, त्याला पाहिजे म्हणून. एवढं झालं की मी मोकळा."

ते माणूस मीच आणलं. माझी थोरली चुलती. आम्ही तिला मोठी आई म्हणतो.

मोठ्या आईचा पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन तापानं गेला होता. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. त्याचा फोटो नव्हता. गावात तेव्हा फोटो कोण काढतंय? नंतर तिला दुसरा मुलगा झाला, शेती झाली, सगळं झालं. त्या वर्षी गावी गेले तेव्हा निंदताना ती एकदम म्हणाली, "आता त्याचं तोंड आठवंना झालंय गं. धरून ठिवलं हुतं इतकी वर्सं. आता लई वेळ डोळं मिटून बसावं लागतंय, तवा कुठं येतंय. एक दिवस येणारच न्हाई. तुझा घरमालक फोटो काढतो ना?"

मी तिला घेऊन आले. पदराची घट्ट गाठ मारून ती दुकानात बसली. काकांनी नाकडोळ्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"आक्का, तो पळायचा तेव्हा आधी काय दिसायचं?"

"धुरळा," ती म्हणाली. "पोरगं मागनं दिसायचं."

"कसल्या रंगाचा?"

"आमच्या रानाचा. काळा न्हाई, उन्हातला, भुरा."

"मग?"

ती पदराची गाठ सोडायला लागली. मग हसायला लागली. "हरबऱ्यात घुसायचं. घाटं खाऊन खाऊन तोंड ह्ये हिरवं! पानांवरच्या आंबंनं व्हट चरचरायचं, रडायचं, पुन्हा खायचं. वढून आनलं तर पुन्हा जायचं."

काकांनी तेवढ्यावरच काम सुरू केलं. महिन्यानं चित्र झालं. खाली रुंद काळसर पट्टा, कापणी झालेल्या रानासारखा. त्यावर उन्हातला भुरकट धुरळा, वरपर्यंत. आणि मधोमध, जरा खाली, हरभऱ्याच्या कोवळ्या हिरव्याचा एक ओला ठिपका. बस.

मला वाटलं, आता आमची मोठी आई म्हणणार, ह्ये काय? तिनं तळहात तोंडावर ठेवला. मग चाचांकडं वळून, कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं म्हणाली, "आलं की वो माझं लेकरू."

चाचांनी त्या चित्राला एकच हूक मारला.

तिनं ते घरात लावलं, ज्वारीच्या कणगीच्या वर, जिथं तिची रोजची ऊठबस. तिच्यापुरतं ते चित्र लागू पडलं होतं. मला म्हणायची, "त्याच्याकडं बगितलं की तोंड आपसूक येतंय, वढावं लागत न्हाई." मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते जागच्या जागी दोनदा गोल फिरले आणि काकूंना म्हणाले, "आज कॅलेंडर सरळ लावा."

इथं ही गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मोठ्या आईच्या मुलानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला पाहुणे आले. पाहुण्यांना घर दाखवताना प्रत्येक जण कणगीपाशी थांबायचा. भिंतीला ओल आली का? हे काय टांगलंय? सून लाजली. मुलगा म्हणाला, "आये, भाऊचा फोटो म्हनतीस, मग तोंड कुठंय?" ती काय सांगणार? एका सकाळी चित्र गोधडीत गुंडाळून, एसटीनं एकटीच केडगावला आली. मीही तेव्हा योगायोगानं तिथं होते, निकालाची कागदपत्रं न्यायला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्याला तेवढं तोंड काढून द्या. लोकं इचारत्यात."

चाचा गाळ्यातून उठून आले. "आक्का, हे असंच राहू द्या. पेंटर, हात लावू नको."

मी काकांकडं बघत होते. नाही म्हणतील, पोळ्याचा बैल सांगतील, कॅमेरा सांगतील, अशी मला खात्री होती. त्यांनी विचारलं, "नाक बापासारखं होतं की तुमच्यासारखं?"

"बापावानी असंल."

"डोळे?"

"माझं म्हनायचे लोक."

ते तिच्यासमोर बसले. तिच्याकडं बघत, हिरव्या ठिपक्याच्या वर, धुरळ्यात, त्यांनी चार वर्षांच्या पोराचा चेहरा काढायला घेतला. कितीतरी दिवसांनी त्या हाताला चेहरा मिळाला होता. हात थांबत नव्हता. पापण्यांचे केस, कानाची पाळी, हनुवटीवर खळी. मी कधी इतका जिवंत चेहरा पाहिला नाही. मोठी आई बघता बघता रडायला लागली, "ह्योच! ह्योच वो!" आणि काकांच्या पाठीकडं बघूनसुद्धा कळत होतं की माणूस खूश आहे.

चाचा त्या दिवशी फ्रेम न लावता गाळा बंद करून गेले.

पावसाळा सरता सरता ती परत आली. या वेळी मी तिच्यासोबत होते, कारण तिनंच बोलावलं होतं. चित्र पुन्हा त्याच गोधडीत. आल्याआल्या म्हणाली, "भाऊ, ह्ये तोंड काढून टाका."

काकांनी विचारलं, "का? लोक काय म्हणतात?"

"लोकं चांगलंच म्हनत्यात. पाया पडत्यात." तिनं गोधडी सोडली. "पर आता डोळं मिटलं तरी ह्योच दिसतोय. ह्यो लई देखनाय वो. माझं एवढं देखनं नव्हतं. माझ्या लेकराचं तोंड कुठं गेलं?"

बाहेरून ट्रक जात होते.

काकांनी टर्पेंटाईनमध्ये फडकं बुडवलं आणि गालापासून पुसायला सुरुवात केली, अगदी हलक्या हातानं, ताप आलेल्या पोराचं अंग पुसावं तसं. चेहऱ्याचा वरचा रंग सुटला, पण त्यासोबत खालचा धुरळाही सुटला. सगळं एकात एक मिसळून गढूळ झालं. त्यांनी हिरवा ठिपका वाचवायचा प्रयत्न केला. तोही फडक्याला लागून आला. शेवटी मांजरपाटावर मातकट फराटे राहिले आणि त्यांच्या हातातल्या फडक्यावर थोडा हिरवा.

मोठी आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमी काय करनार?"

तिला ते वाईट बोलायचं नव्हतं. पण त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

तिला एसटीत बसवून मी परत आले, तर ते ओट्यावर होते. शेंगा नव्हत्या. म्हणाले, "जन्मभर ओरडून सांगितलं की चेहरा म्हणजे माणूस नाही. आणि एक बाई चेहरा मागायला आली तर नाही म्हणता आलं नाही. दया वगैरे नाही गं. फ्लेक्स आल्यापासून कुणी मागितलाच नव्हता. हाताला खाज सुटली होती."

एवढंच. पुढं आठवडाभरात दुकानाला कुलूप लागलं. काकूंनी ती जागा चष्म्याच्या दुकानाला भाड्यानं दिली. कॅलेंडर सरळ झालं आणि सरळच राहिलं. चाचा संध्याकाळी यायचे, शेजारी बसायचे. ते मुद्दाम विचारायचे, "पेंटर, तो चौकोनवाला पुढं काय करतो?" काका म्हणायचे, "नंतर सांगतो." मला ती सगळी नावं आता येतात. मी पुस्तकं विकत घेऊन वाचली, चित्रं मोबाईलवर पाहिली, शिक्षिका झाल्यावर वर्गात मुलांना शिकवलीही. गंजीवाल्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, फोन करून सांगावं. मग वाटलं, जी गोष्ट त्यांनीच विझवली ती पुन्हा पेटवू नये. नाही केला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी आणि मोठी आई दहाव्याला गेलो. ती आता वाकली आहे, माझा हात धरून चालते. रस्त्यात मी तिला विचारलं, "मोठे आई, तुझ्या त्या लेकराचं तोंड पुन्हा आलं का गं कधी?"

"येतंय की," ती म्हणाली. "कधीमधी. पर पाठमोरं. धुरळ्यात."

चष्म्याच्या दुकानाच्या शेजारी मांडव घातला होता. मांडवाच्या तोंडाशीच फ्लेक्स. रस्त्यापलीकडच्या त्याच पोरानं, आता टक्कल पडलेल्या, आपुलकीनं फुकट करून दिलेला. जन्मभर लेंग्यावर रंग पुसणाऱ्या माणसाला निळा कोट, लाल टाय. मागं ढग, कबुतरं. मतदान कार्डावरचा चेहरा, गोरा केलेला. फ्लेक्सपाशी चाचा खुर्ची उलटी करून, रस्त्याकडं तोंड करून बसले होते.

मोठ्या आईनं माझा हात दाबला.

"वर बगू नगं," ती म्हणाली. "खाली बगून चल. न्हाईतर ह्योच बसंल डोक्यात."

ती खाली बघत, पायापुरती जमीन बघत, फुलं वाहून आली. तिच्या डोक्यात काका होते तसेच राहिले. मी मात्र शिकलेली, सवयीनं मांडवात शिरतानाच वर बघून फ्लेक्सवरचं नाव वाचलं होतं.

म्हणून या लिहिण्यात त्यांचा पोटरी घासणारा पाय आहे, शेंगा फोडणारा हात आहे, टाकीचा जांभळा आहे. चेहरा लिहायला घेतला की तो कोट पुढं येतो. मग मी लेखणी खाली ठेवते आणि फडक्यावरचा तो हिरवा आठवत बसते.